पाच किलो येसर

आष्टी, ३ जून

चि. आकांक्षा हिला आजी तुळजाबाईचे पोटभर आशीर्वाद.

पोरी, मेलबर्नात बरी असशील. माझी शाळा तिसरीपत्तर, अक्षर संभाळून घे. शीतल, तुझी आई, कागदाचा फोटो काढून पाठवते म्हणली. म्हैस व्याली, रेडी झाली, तुझ्या बापासारखी हट्टी हाय.

काल तुझा निरोप आला, आजी पाच किलो येसर करून पाठव. पावशेर येसर घरात वर्षभर आमटीला पुरतं. किलोनं लागतं ते फक्त लग्नाच्या पंगतीला. मंग आम्ही काय समजायचं? दोन वर्षं लग्नाचं काही बोलली न्हाईस अन् एकदम पंगतीचा मसाला मागितला. धक्का बसला, पण खरं सांगू, आनंद जास्ती झाला. शेजारच्या चतुराबाईनं राजूरच्या गणपतीला नारळ बोलला. सोनूबाई कासारीण तर तुझ्या मापाच्या बांगड्या घेऊन आल्ती. पोरगा कोणाचा, कुठला, बिलकुल विचारत न्हाई. त्याला भाकरी चालते का तेवढं कळव. तुझा बाप मच्छिंद्र मात्र कालपासून जेवला न्हाई, नुसता बांधावर बसून राह्यला.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी आजी


मेलबर्न, ५ जून

ती. आजीस आकांक्षाचा शि. सा. न. वि. वि.

आजी, लग्न नाही. कुणाशीच नाही. आधी बाबांना जेवायला वाढ.

मी कॉलेज करून लान मावशींच्या खानावळीत भांडी घासते, हे तुला माहीत आहे. त्या मूळच्या व्हिएतनामच्या, लहानपणी आईबापांबरोबर नावेतून इथं आल्या. मागच्या महिन्यात, इथल्या हिवाळ्याच्या तोंडावर, थंडीनं काकडत होते, म्हणून तू दिलेलं येसर त्यांच्या शेवयांच्या रश्श्यात कालवून खाल्लं. मावशींनी एक घोट चाखला आणि माझी वाटीच ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या फळ्यावर ‘आष्टी रस्सा’ लिहिलेलं. आता ग्रीक म्हातारे त्यात पाव बुडवतात, सोमालियाच्या एक बाई वरून लिंबू पिळतात. मावशी म्हणतात, या देशाचं असंच आहे. कॉफी इटलीवाल्यांनी रुजवली, सोन्याच्या खाणींवर आलेल्या चिन्यांनी आपलं जेवण आणलं, आणि आज सगळे त्याला इथलंच म्हणतात.

रस्सा चालला तर मावशी मला भांड्यांवरून चुलीवर घेणार आहेत. मला तेच हवं आहे, आजी. पण असा दर वेळी आष्टीहून पाच किलो मसाला मागवून खानावळ चालत नाही, त्यांना कृती हवी आहे. आपल्या घरात ती फक्त सुनेला सांगतात. मलाही तू कधी सांगितली नाहीस. तरी मागते. येसर संपलं आहे, कृती आली नाही तर शनिवारी फळ्यावरून रस्सा पुसतील.

सर्वांना नमस्कार. राग आला तरी उत्तर धाड.

तुझी आकांक्षा


आष्टी, ६ जून

चि. आकांक्षाला आशीर्वाद.

तुझं पत्र शीतलनं दोनदा वाचलं, तरी मला खरं वाटंना. शेवया आपण दुधात खातो, गुळात खातो. त्या रश्श्यात, अन् त्यात आपलं येसर? बाकी त्यात कशाचं मटण असतं ते मी विचारत न्हाई, तूही सांगू नको. सोनूबाई बांगड्या परत घेईना, म्हणती कधी ना कधी लागतीलच. तुझा बाप जेवला, चार भाकरी.

कृतीचं दिवसभर डोक्यात फिरून राह्यलं. माझ्या सासूचं म्हणणं, लेकीला सांगितली तर चव परक्या घरी जाती. पण मी बैलगाडीतून या घरी आले तवा माहेरची कारळाची चटणी आणल्ती. सासूनं सहा महिने बोट लावलं न्हाई. मंग शेवटाला तिचं दुखणं आलं तर त्या चटणीबिगर दुसरं काही गिळतच न्हवती. ती लानबाई तर एवढीशी असताना नावेत बसली. तिच्या आईनं पदराला काय बांधून आणलं असंल, एकदा विचार तिला.

घे लिहून. गहू दोन मुठी, बाजरी एक, हरभऱ्याची डाळ एक, धने चार मुठी. सुकं खोबरं, लाल मिरची, जिरं, हळद अन् खडा मसाला अंदाजानं. सगळं निरनिराळं भाजायचं, जल्दी करायची न्हाई. गव्हाचा वास अंगणात गेला की उतरवायचा. मंग सगळं एकत्र बारीक दळायचं.

मूठ म्हणजे माझी मूठ. शीतल म्हणली, तिकडं ती कशी कळणार? म्हणून खालच्या कागदावर हात ठेवून पेन्शिलीनं चौफेर रेघ ओढलीय. करंगळी वाकडी आली, ती तशीच हाय. शीतल शेजारी पट्टी ठेवून फोटो काढती, तू त्याच मापानं कागदावर छापून घे. लानबाईला म्हणावं त्यावर हात ठेवून बघ. तिचा मोठा निघाला तर मूठ जरा कमी भर.

तुझी आजी तुळजाबाई