मागची भिंत

१२ जानेवारी १९३४
पोचलो एकदाचे! माझ्या माहेरी दोन वर्षं काढून इपिली अखेर बायको-मुलीसकट आईकडे आला. छावणी म्हणजे एक सासूबाई आणि नऊ कुत्री. येताच त्यांनी तान्ह्या सैलाचे पाय चाचपले आणि मला ऐकवलं, "पाय आहेत की गार मासे? माहेरी दिव्याला चरबी नव्हती वाटतं!" मला हसू आलं. इपिलीनं उजेड असतानाच नवं इग्लू बांधलं, फटी मी बुजवल्या. फार उबदार झालंय. पाद्रीबाबांनी दिलेल्या वहीत आजपासून लिहीन.

१६ जानेवारी
झोपायच्या जागा सासूबाईंनी ठरवल्या. दिव्याशी मी, मग सैला, मधोमध त्या, भिंतीकडे इपिली. मी सदरा घालूनच कातड्याखाली शिरले तर ओरडल्या, "काढ तो! तुझा सदरा आम्हाला ऊब देणारे का?" उघड्या अंगाला अंग लावून सगळे एका पांघरुणात. खरंच, पहाटे घाम आला.

२३ जानेवारी
सासूबाई गेल्या. तीन दिवस खोकत होत्या. बाहेर वादळ.

आमच्यात मेलेल्या माणसाला दारातून नेत नाहीत. मागची भिंत कापून बाहेर काढतात आणि भोक लगेच बुजवतात, म्हणजे त्याला परतीची वाट सापडत नाही. इपिलीनं सुरी उचलली, मी त्याचा हात धरला. भिंत कापली तर सगळी ऊब जाईल, पोरीला आधीच सर्दी आहे, आणि पाद्रीबाबा याला खूळच म्हणतात, असं मी बोलले. पाद्रीबाबांचं नाव उगाच घेतलं. तीन रात्री झोप नव्हती, गारठा सोसायचं त्राण नव्हतं. शेवटी तोही थकलेला, ऐकलं त्यानं. दारातूनच ओढत नेलं. बाहेर बर्फाच्या विटा रचून झाकलं.

२६ जानेवारी
मांस संपलं. इपिली कुत्री घेऊन सीलच्या शिकारीला गेला. दोन दिवसांत येतो म्हणाला. जाताना आईच्या ढिगाऱ्याकडे त्यानं बघितलं नाही.

झोपायच्या ओट्यावर त्यांची मधली जागा रिकामी ठेवली आहे. सकाळी हात लागला तर तिथलं कातडं गरम. दिव्याची धग असेल.

२८ जानेवारी
इपिली आला नाही. सैलाला रात्रभर छातीशी धरलं तरी तिचं अंग गार. दिव्याची वात वाढवली, काही फरक नाही.

झोपेतला श्वास पांघरुणाच्या काठावर गोठतो, माणशी एक पांढरा डाग. आज झटकताना मोजले. तीन होते.

आम्ही दोघीच आहोत.

३० जानेवारी
पोरगी दूध ओढत नाही. पाय निळसर. माझ्याकडून निसटून मधल्या जागेकडे सरकते. तिथे जाऊन हसते.

मी फार थकले आहे. रडावंसं वाटतं, तेवढीही शक्ती नाही. माझ्यामुळे झालं हे. ऊब वाचवायला गेले आणि—

३१ जानेवारी
ठरवलं. सासूबाईंना आत आणायचं आणि मागून नीट बाहेर काढायचं. मग त्या सुटतील आणि पोरगी वाचेल.

विटा काढल्या. आठ दिवस बर्फात होत्या. लाकडासारख्या व्हायला हव्या होत्या. काखेत हात घातला—

गरम. आत्ता पांघरुणातून उठल्यासारख्या.

तोच दिवस
आत आणलं. ओट्यावर निजवलं. भिंत कापली. वारा आत येतोय, दिवा विझायला आलाय. आता त्यांना उचलायचं. पण सैला त्यांच्या कुशीत शिरली आहे, कधी ते कळलं नाही. त्यांची बोटं तिच्या पाठीवर. सोडवली की ती गार पडते, काळी-निळी होते. ठेवली की—

गाल लाल झालेत. दूध मागतेय. इतक्या दिवसांनी.

कसं ओढू बाहेर? दोघींना? एकीला?

हात चालत नाहीत. थोडं बसते. थोडंच. पलीकडे जागा आहे. त्यांनी पांघरुणाचं टोक वर उचललंय, सदरा काढ म्हणतायत, मी—