होडीच्या पाठीवर

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं. तेव्हा आधी काळजी सोड आणि मग पुढचं वाच.

इथे मला होड्यांवर नावं रंगवायचं काम मिळालंय. लोक एकेक नावं काय शोधून आणतात! एका वकिलाच्या होडीचं नाव ‘पुढची तारीख’. ‘बिनघोर’ तर पहिल्याच दिवशी चिखलात रुतून बसली. दादाला सांग, पोट धरून हसेल.

काल एका मासेमाराची बायको नवऱ्याच्या होडीवर ‘आलोच’ लिहून घ्यायला आली. सगळे हसले, कारण तो म्हणे कधीच वेळेवर परतत नाही. मी होडीच्या पुढच्या बाजूला ब्रश लावणार, तेवढ्यात ती ओरडली, “अहो, तिकडे कशाला? तो जातो तेव्हा मी धक्क्यावर उभी असते. मला मागचीच बाजू दिसते.”

मी रंगाचा डबा उचलून मागे गेलो. अक्षरं जरा मोठीच काढली.

तुझा गुडघा कसा आहे? बाबा गोळ्या घेतात ना? मालक म्हणतो, काम अजून बरंच लांबेल. असो.

मी निघालो तेव्हा तू फाटकाशी उभी होतीस. रडू येईल म्हणून मी मागे वळून पाहिलंच नाही. तुला दिसली ती नुसती माझी पाठ, आणि तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. ते आज लिहितो.

आलोच.

तुझा,
धाकटा