कुंचीतला वरवंटा

१२ नोव्हेंबर
बारशाचं बोलावणं आलं. जावयाकडून — कुशलकडून. ऋताने स्वतः फोन केला नाही. करणार तरी कशी? "परक्याचं मूल घरात आणू नकोस," असं मी तिला म्हणाले होते. मूल आणून आता तीन महिने झाले. मुलगी आहे. आठ महिन्यांची.
रविवारी, पुण्यात. जाणार.

१४ नोव्हेंबर
आमच्या घरी बारशाला वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून घेतात, मग बाळाशेजारी ठेवतात. वरवंटा हाच. ऋताच्या वेळीही हाच होता. घासून धुतला, तरी लसणीचा वास जात नाही. तिची जुनी कुंची सापडली. आत्ताच घालून ठेवली, जागा वाचते.
सामानात टाकायचा नाही, आपटतात. म्हणून एकच पिशवी, हातातली.
ऋताला सांगितलेलं नाही.

१६ नोव्हेंबर, विमानतळ
तपासणीत पिशवी अडली. खाकीतल्या बाईने कुंचीचा बंद सोडला, आत पाहिलं, परत बांधला.
"माताजी, पत्थर को कपड़े काहे पहनाए हैं?"
"तो क्या नंगा ले जाती?"
तिचे साहेब आले. "इससे सिर फूट सकता है." चाळीस वर्षं वापरते आहे, अजून कुणाचं फुटलं नाही, हे सांगितलं. उपयोग नाही. "काउंटर पर जमा कराइए, नहीं तो यहीं छोड़िए. पुणे में पत्थर नहीं मिलते क्या?"
"ये घर का है. बच्चे का नाम रखते समय लगता है."
"किसके बच्चे का?"
"हमारी नातिन का."
हा शब्द तोंडातून पहिल्यांदाच गेला. तोही हिंदीत, पोलिसासमोर.
काउंटरवर सामान घेणं बंद झालं होतं. आता विमान किंवा वरवंटा. चौतीस वर्षं कॉलेजात शिकवलं, एकदाही उशिरा गेले नाही.
विमान सोडलं.

नंतर, बाहेरच्या बाकावर
ऋताला फोन केला. उद्या संध्याकाळी पोचेन, बारसं उरकून घ्या, थांबू नका म्हटलं.
"विमान चुकलं? तुझं?"
कारण सांगितलं. मग म्हणाली, "कुंची कुठली घातलीस?"
"तुझी."
फोन ठेवून दिला तिने.

१७ नोव्हेंबर
काउंटरवर वरवंट्याला 'नाजूक' अशी चिठ्ठी चिकटवली. चटण्या वाटून झिजलेला दगड तो!

त्याच दिवशी, पुणे
बाहेर ऋता उभी होती. कडेवर मुलगी. "बारसं उद्या," म्हणाली. "वरवंटा दे माझ्याकडे. तू हिला धर."