टाकी लवकर भरते

ता. ४ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सामानाच्या गाडीबरोबर आलं. ती आठवड्यातून एकदा येते, त्यामुळे उत्तराला उशीर झाला तर शिव्या ड्रायव्हरला दे. आम्ही रंगवतो त्या मनोऱ्यांवरून लाखो व्होल्ट वीज धावते, पण खाली फोनला एक दांडी येईल तर शपथ.

आई मजेत आहे. बाबा गेल्यापासून तिला एवढं बोलताना मी पाहिलं नव्हतं. महिना झाला की आमचा राहायचा ट्रेलर पुढच्या मनोऱ्यांपाशी न्यायचा, याची तिला भारी गंमत वाटते. आमच्या टोळीतल्या सगळ्यांच्या शर्टांना तिने बटणं लावून दिली, आता ते मला सोडून तिचीच विचारपूस करतात. ट्रेलरमध्ये ती महिनाभरात कंटाळेल, अशी पैज तू मारली होतीस. तू हरलीस.

आता कामाचं. ट्रेलरच्या पोटाखाली तीन टाक्या आहेत: एक प्यायच्या पाण्याची, एक धुण्याभांड्याच्या पाण्याची आणि एक संडासाची. त्या तिसरीने छळ मांडलाय. दोन लोखंडी पट्ट्यांवर टांगलेली आहे आणि मधोमध झोळ येऊन खाली लोंबतेय. भरतेही फार लवकर. मी एकटा होतो तेव्हा दहा-बारा दिवस बघावं लागत नसे, आता चार दिवसांत काटा वर जातो. इथे गटार नाही. सगळं चाकांच्या पेटीत सोडायचं आणि पेटी लांबच्या खड्ड्यापर्यंत ओढत न्यायची. परवा चिखलात आडवा होऊन झडप उघडली, तर पाईपच निसटला आणि सगळं माझ्या तोंडावर. जन्मात दिल्या नसतील तेवढ्या शिव्या मी त्या पाच मिनिटांत दिल्या. आई टॉवेल घेऊन दारात उभी होती.

दुरुस्ती कशी करू ते सविस्तर लिही. भावोजींना विचारू नकोस, ते मला नवी टाकी विकतील. माझ्यावर आजवर केलीस तेवढी माया पुढेही करावीस, एवढंच मागणं.

तुझा,
धाकटा

---

ता. १३ ऑक्टोबर

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ., त्यातला एक खास तुझ्या अकलेसाठी.

लोकांचे ट्रेलर दुरुस्त करण्यात माझं आणि तुझ्या भावोजींचं निम्मं आयुष्य गेलं, आणि सख्खा भाऊ पट्ट्यांवर टाकी टांगून हिंडतोय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. अरे, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. भरलेली टाकी नेणं म्हणजे जाडजूड माणसाला झोळीत घालून खड्ड्यांतून पळवणं. पट्ट्या तिला दोन जागी धरतात, मधल्या पोटाला कोण धरणार?

नीट वाच. आधी टाकी पूर्ण रिकामी कर आणि दोनदा धू. ट्रेलर उचलायचा झाला तर जॅक सांगाड्याला लाव, टाकीला नाही. सांगाड्याच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत तीन लोखंडी अँगल आडवे टाक. त्यांवर टाकीच्या तळाएवढी जाड प्लायची फळी बसव, तिला रंग देऊन. फळी आणि टाकी यांच्यामध्ये रबर हवंच, नाहीतर हादऱ्यांनी प्लास्टिक घासून चिरतं. वेल्डिंग लांब नेऊन कर. टाकीशेजारी ठिणग्या उडवल्यास तर नवी टाकी घ्यावीच लागेल आणि तुझे भावोजी आनंदाने विकतील. झोळात तळाचा गाळ राहतो, म्हणून तुझी टाकी कधी पुरती रिकामीच होत नाही. झोळ गेला की एखादा दिवस जास्त चालेल.

आता आईचं. तिची एकच किडनी धड आहे, हे विसरू नकोस. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय, ते तिच्या मर्जीवर सोडायचं नाही. आणि तुला हे सगळं झेपत नसेल तर तोंड उघडून सांग, आईला माझ्याकडे पाठवून दे. घरात दाटी आहे, सासूबाई आहेत, गॅरेजची ठोकठोक आहे. पण आमचा संडास जमिनीत घट्ट बसवलेला आहे, त्याखाली कुणाला झोपावं लागत नाही!

हे पत्र तिला वाचून दाखव, तिलाही हसू येईल. मनोऱ्यावरून खाली बघताना ताईची आठवण ठेव, बाकी लोभ काही मागत नाही, तो मी वसूल करीन.

तुझी,
ताई

---

ता. ३ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि., आणि या खेपेला नमस्कार मनापासून.

तुझं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. संडासाच्या वाक्याला ती हसली आणि मग उठून भांडी घासायला गेली.

तू सांगितलंस तसंच सगळं केलं. मुकादमाने मनोऱ्याचे उरलेले अँगल दिले. फळीला मनोऱ्याचाच चंदेरी रंग दिला, त्यामुळे आमच्या ट्रेलरचं पोट आता चेहऱ्यापेक्षा देखणं झालंय. पण खरी बातमी पुढेच आहे. टाकी रिकामी करून आठ दिवस होऊन गेले आणि काटा अजून पाऊण भागावरच आहे! एखादा दिवस जास्त चालेल म्हणाली होतीस ना? बाईसाहेब, तुमची कला तुम्हालाच ठाऊक नाही. प्यायच्या पाण्याची टाकीसुद्धा पूर्वीसारखी भराभर उतरत नाही. काल टँकरवाला आला, त्याला मी तसाच परत पाठवला. आईला सांगितलं की आता कटकट संपली. तिला फार बरं वाटलेलं दिसलं.

आई तशी जरा मंदावली आहे. पाय सुजलेत, म्हणते बसून बसून. चहा सोडलाय, म्हणते पित्त होतं. ओठ फुटलेत, पण इथली हवाच कोरडी आहे. पाण्याची तुझी आज्ञा मात्र पाळली जातेय. सकाळी तिच्या उशाशी मोठा तांब्या भरून ठेवतो, संध्याकाळी तो रिकामा असतो. मनोऱ्यावर न्यायची माझी बाटली ती स्वतः भरून देते, मला पाण्याला हातही लावू देत नाही.

भावोजींना नमस्कार सांग आणि एक गिऱ्हाईक हातचं गेलं म्हणून कळव. तुझी शाबासकी पत्राने येऊ दे, लोभ तिच्यातच समजेन.

तुझा,
धाकटा

---

ता. ८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

हे पत्र मिळेल त्या क्षणी हातातलं काम टाक आणि आईला डॉक्टरकडे ने. तुझ्या कंपनीच्या ऑफिसला फोन केला, तर तिथल्या बाई म्हणाल्या की निरोप सामानाच्या गाडीबरोबर जाईल. म्हणजे पत्राच्याच वेगाने. म्हणून पत्रच लिहितेय. सासूबाईंचं उद्या ऑपरेशन आहे, नाहीतर मीच आले असते.

तुझं पत्र मी गॅरेजमध्ये उभ्याने वाचलं. आठ दिवस टाकी चालली, हे तुझ्या भावोजींना ओरडून सांगितलं. मग एका गिऱ्हाइकाच्या ट्रेलरखाली शिरले, आणि तिथे पडल्या पडल्या माझे हात थांबले. खालून फळी लावून टाकी मोठी होत नाही रे. तळाचा गाळ गेला म्हणून एक दिवस वाढेल, फार तर दोन. आणि समजा, तू जगावेगळं काम केलंस. मग प्यायच्या पाण्याची टाकी का उतरत नाही? तिला तर तू हातही लावला नाहीस. प्यायच्या टाकीतून कमी जातंय, म्हणूनच संडासाच्या टाकीत कमी येतंय. ट्रेलरमध्ये माणसं दोन, आणि तू पहिल्यासारखाच पीत असणार.

आई पाणी पीत नाहीये.

तांब्या कसा रिकामा होतो ते मला माहीत नाही. तिला विचारत बसू नकोस आणि तिच्यावर चिडूही नकोस. सूज, फुटलेले ओठ, मंदावणं, सगळं त्यातलंच आहे. मी दहा वेळा वाचलं तेव्हा मला दिसलं, मग तुझ्यावर कुठल्या तोंडाने रागावू? माझा जीव थाऱ्यावर नाही. मुकादमाची गाडी माग, कर्ज काढ, काहीही कर, पण आजच्या आज ने.

ताई

---

ता. १६ नोव्हेंबर

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र मुकादमाने इथे हॉस्पिटलमध्ये आणून दिलं. त्याच्या आदल्या दिवशी आई ट्रेलरच्या पायरीवर कोसळली. मी मनोऱ्यावर होतो. खाली उतरायला जेवढा वेळ लागला तेवढा आयुष्यात कधी लागला नव्हता.

ती वाचली आहे, हे आधी लिहितो. पण किडनी गेली. डॉक्टर म्हणाले की आता आठवड्यातून तीन वेळा यंत्रावर रक्त शुद्ध करावं लागेल, आणि ते कायमचं. मी वेड्यासारखं विचारलं की ते यंत्र ट्रेलरमध्ये बसवता येईल का. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढच्या पेशंटकडे गेले.

शुद्धीवर आल्यावर तिसऱ्या दिवशी तिने रडत रडत सगळं सांगितलं. मी त्या दिवशी घाणीने माखून ट्रेलरखालून बाहेर आलो, तेव्हाच तिने ठरवलं होतं. पुढे तुझं पत्र ऐकलं. आपल्यामुळे टाकी लवकर भरते, हे असंच चालू राहिलं तर पोरगा एक दिवस आपल्याला ताईकडे पाठवून देईल, अशी धास्ती तिने घेतली. गोळीपुरता घोट घ्यायची, तेवढाच. तांब्यातलं बाकीचं पाणी ती माझ्या बाटलीत भरायची. ताई, इतके दिवस मनोऱ्यावर बसून मी तिच्या वाटणीचं पाणी पीत होतो.

तू स्वतःला दोष देशील, मला माहीत आहे. देऊ नकोस. तू लिहिलंस ते थट्टेत लिहिलंस. मी तिच्यासमोर कटकट संपली म्हणालो, ते मात्र मी मनापासून म्हणालो होतो.

तिला तुझ्याकडे घेऊन येतो. ती माझ्याजवळ राहायला मिळावं म्हणून हे करत होती, आणि आता मीच तिला सोडायला निघालोय. तिच्यासाठी खालच्या मजल्यावर जागा कर, जिने तिला चढवणार नाहीत. मला आत्ता लोभ-बिभ लिहायला सुचत नाही, तू समजून घे.

धाकटा

---

ता. २० डिसेंबर

चि. बाळास,
आईचे पोटभर आशीर्वाद.

अक्षर वाकडं आलं तर समजून घे, ज्या हाताला सुया टोचतात त्याच हाताने लिहितेय. ताई म्हणाली की तू सांग, मी लिहिते. पण तिच्यासमोर सगळं सांगता आलं नसतं.

गॅरेजच्या मागची खोली तिने माझ्यासाठी रिकामी केली. ठोकठोक असते, पण माणसं कामात आहेत एवढं कळतं. आठवड्यातून तीनदा जावईबापू मला यंत्रावर नेतात, चार तास बाहेर बसून राहतात आणि येताना काहीतरी विनोद सांगतात. विनोद जुने असतात, तरी मी हसते. ताई माझ्याशी भांडते, पण एरवीपेक्षा कमी. तेच मला खपत नाही. तिने ते पत्र लिहिल्याचं तिच्या मनातून जात नाही. तू तिला नीट लिही, तुझं ती ऐकेल.

आता पाणी मोजून मिळतं. दिवसाचे चार लहान पेले, त्यातच गोळ्या आणि त्यातच चहा. किडनी काम करत नाही, तर प्यायलेलं जाणार कुठे, असं नर्सबाईंनी समजावलं. घसा सुकतो तेव्हा ताई कापूस भिजवून ओठांना लावते. समोर नळ असतो आणि पिता येत नाही. होतं तेव्हा प्यायले नाही, आता कुणाकडे तक्रार करू?

तुझी दुपटी मी धुतली. तुझ्या बाबांचं शेवटचं आजारपण काढलं, सगळं उपसलं. कधी किळस आली नाही, उलट माझं माणूस म्हणून मायाच वाटली. पण स्वतःचं पोटच्या पोराने चिखलात पडून उपसायचं, हे मला सोसवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे मी तुमच्यासाठी सहज केलं ते तू माझ्यासाठी सहज करशील, हे काही केल्या माझ्या मनात आलं नाही. मला वाटलं, तू कंटाळशील. तू तर नुसत्या पाईपला शिव्या दिल्या होत्यास.

ताई म्हणते, तू रजेला येशील तेव्हा ट्रेलर गॅरेजच्या आवारात लावता येईल. ये बाळा. जमेल तेवढं लवकर ये. पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे, पण तुझा लोभ होताच. मीच भ्याले.

जेवताना एकटा बसतोस, ते डोळ्यांपुढून हलत नाही. एकदा तुला जवळ बसवून विचारायला हवं होतं की बाळा, माझं तुला जड होतंय का. तू नाही म्हणाला असतास, आणि मी आज तुझ्याजवळ असते.

तुझी,
आई