शंभर लहरींचा अहवाल

वाळपई,
८ फेब्रुवारी २०१०

ती. कृष्णनाथदादास,

जानकीचा नमस्कार. काकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं आईकडून कळलं, बरं वाटलं. आई चोपड्याला ठीक आहे. तिने पाठवलेले सुके बांगडे परवाच पोचले. मीही बरी आहे. इथल्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. सहा वर्षांत दुसऱ्या कुठल्या कंपनीने मला दारात उभं केलं नाही, हे तुला ठाऊक आहेच.

तुझं निमंत्रण गेल्या महिन्यातच मिळालं. येत्या शनिवारी डिचोलीला तुझ्या कंपनीच्या नव्या यंत्राचं उद्घाटन आणि समई मी पेटवायची! सोबतची चिठ्ठीही वाचली: 'जुनें विसर गो, आपण एका घरातलीं.'

मग माहितीपत्रक वाचलं. 'आमची स्वतःची पद्धत.' दादा, आकृती माझी. शंभर बारीक लहरींची विभागणी माझी. डाव्या कोपऱ्यातला चुकीचा आकडासुद्धा माझाच आहे, तो तरी दुरुस्त करायचा होतास.

तू विसरायला सांगतोस म्हणून मी क्रमाने आठवते.

सहा वर्षांपूर्वी मी तुझ्याच कंपनीत होते. मुळगावच्या खाणीवाल्यांना लोडर मशीनच्या मागे कॅमेरा हवा होता आणि ड्रायव्हरसमोर पडदा. हादऱ्यांनी वायर तुटायची, म्हणून दहा मीटरपुरतं बिनतारी यंत्र आपण करणार होतो. चित्र कोणत्या पद्धतीने लहरींवर चढवून पाठवायचं, एवढं ठरायचं होतं. तुला एकामागून एक झटपट ठोके पाठवायचे होते. सोपं, लवकर होणारं. मी लिहून दिलं की लोखंडी शेडमध्ये ठोक्यांचे पडसाद उशिरा परततात आणि पुढच्या ठोक्यांवर पडतात. त्यापेक्षा माहिती शंभर बारीक लहरींवर वाटू. प्रत्येक लहर संथ चालेल, पडसादांनी बिघडणार नाही. चार महिने जास्त लागतील.

तू हसलास. "खाणीवाले चार महिने थांबतले?"

उघड्या आवारात तुझे ठोके झकास चालले. शेडमध्ये पंधराव्या दिवशी मशीन मागे आलं आणि सखाराम गवस चाकाखाली गेले. दोडामार्गहून पोटासाठी आलेला माणूस. उजवा पाय मांडीपासून कापावा लागला.

चौकशीत तू सांगितलंस, "पद्धत जानकीन निवडली." माझा अहवाल फायलीत नव्हता. मी काही बोलण्याआधीच तू माझ्या पाठीवर हात ठेवलास. सगळ्यांना वाटलं, भाऊ बहिणीला सावरतोय.

मी गप्प राहिले. का, हे तुला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला नाही. नव्हतं.

गेल्या महिन्यात मी मुळगावला गेले. सखाराम खोलीच्या दारात बसून टोपल्या विणत होते. त्यांनी मला ओळखलं. बायको आनंदी आत वळली ती बाहेर आलीच नाही. मी विचारलं, "ड्रायव्हरवर राग आहे का?"

"त्येचो काय दोष, बाये? पडद्यार शेड रिकामी दिसा होती. मी पडद्यार नव्हतंयच."

दादा, चित्र तुटलं तर पडदा काळा पडायला हवा होता. काळा पडदा पाहून कुठलाही ड्रायव्हर थांबतो. तू म्हणालास, गिऱ्हाइकासमोर पडदा लुकलुकता कामा नये, शेवटचं चांगलं चित्र धरून ठेव. ते मी केलं. माझ्या हातांनी, एका दुपारीत. ड्रायव्हरला दिसत होती ती आधीची रिकामी शेड. मीच दाखवली ती.

हे त्यांच्या दारात बसून त्यांना सांगितलं. त्यांनी टोपली बाजूला ठेवली. मग म्हणाले, "ह्यां सगळां कोर्टात सांगशीत?"

त्यांचा भरपाईचा दावा कोर्टात अजून पडून आहे. माझ्या अहवालाची प्रत मी तेव्हाच घरी आणली होती. तिच्यावर आपल्या ऑफिसचा शिक्का आहे, तारीख आहे आणि समासात तुझ्या अक्षरात 'नको' लिहिलेलं आहे. ती प्रत, तुझं नवं माहितीपत्रक आणि माझा कबुलीजबाब, तिन्ही मी त्यांच्या वकीलबाई योगिता यांच्या हाती दिली. सखारामना न्याय मिळावा म्हणून दिली, असं लिहिलं तर शोभेल. पण खरं सांगते, तुझं नाव तिथे मोठ्याने वाचलं जाईल तेव्हा तुझं तोंड मला बघायचं आहे. सहा वर्षं मी तुझ्या हाताचं ओझं पाठीवर वागवलं. त्या दिवसाची मी एखाद्या सणासारखी वाट पाहते आहे.

माझंही नाव वाचलं जाईल. शाळेची नोकरी बहुतेक जाईल. आईला मी कालच सांगितलं. ती म्हणाली, "जा, पण त्याच्याशी बोलूं नको." म्हणून हे पत्र.

येत्या गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता, डिचोलीचं कोर्ट. समन्स तुला एव्हाना मिळालं असेल. तू चांगला वकील आण. मी माझ्यासाठी आणणार नाही.

सखाराम गवस यांची साक्षीदार,
जानकी