आईनं आधी काढलेला भात

बारक्या, माझ्या भावा,

आज वळ गावातल्या गोदामात जेवणाच्या सुट्टीत कुणाच्या तरी डब्यातून नव्या तांदळाचा वास आला आणि आपलं घर आठवलं.

मी बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी, नवा तांदूळ पहिल्यांदा खायच्या दिवशी, धान्याच्या देवीला दाखवून आईनं वाढलेलं पान मी ढकललं. "मी येशूची हाय, कणसरीला दाखवलेलं खात न्हाय." मला वाटलं, हीच माझी साक्ष. पुढच्या वर्षापासून आई माझा भात वेगळा वाढायची आणि मी खायची.

तिच्या बाराव्याला तू सांगितलंस, की कणसरीला दाखवायच्या आधीच ती माझा वाटा काढायची. तू अडवलंस तर म्हणाली, "कोपली तर माझ्यावर कोपू दे. पोर उपाशी न्हाय राहिली पाहिजे."

रविवारी मंडळीत, आपल्यासाठी शिक्षा अंगावर घेणाऱ्या येशूचं सांगायला उभी राहिले, आणि आईचा भातच सांगत बसले.

यंदा नव्याला मी येणार हाय. उपाशी का होईना, तुमच्यात बसणार हाय. पण येते म्हणून कळवलं, तर तूही माझा भात आधी काढून ठेवशील. म्हणून हे पत्र टाकत न्हाय.

तुझी ताई,
सरू