चिमणीचा मोठेपणीचा चेहरा

१९ नोव्हेंबर

ती. बाबा,

नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? नव्या खोलीत ऊन येतं का? इकडे थंडी पडली आहे. मी बरी आहे, कामही बरं चाललंय.

आईनं तुम्हाला फोन केल्याचं मला नंतर कळलं. इतक्या वर्षांत तुमचं नाव न काढणाऱ्या बाईनं तुमचा नंबर फिरवला, तो आपली हरवलेली चिमणी सापडली हे सांगायला. मी लगेच तुम्हाला फोन लावला, पण तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. तिला काय आवडतं, काय आणू, विचारत राहिलात. मी ‘काही आणू नका’ एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. म्हणून हे पत्र. तुम्ही इकडे यायला निघण्याआधी हाती पडावं म्हणून कुरिअरनं पाठवतेय. बसून वाचा.

सुरुवात माझ्यापासून झाली. हरवलेल्या मुलांचा तपास करणाऱ्या साहेबांनी चिमणी आज कशी दिसत असेल त्याचं चित्र काढून घेतलं होतं, टीव्हीवर दाखवायला. ते अगदी मातीच्या मुखवट्यासारखं होतं. मी म्हटलं, मी करते. दिवसभर जाहिरातींसाठी संगणकावर फुलातून साबण आणि साबणातून फूल काढत असते, बहिणीसाठी एवढं जमणार नाही?

खालच्या थरावर तिचा बागेतला फोटो ठेवला, वरच्या थरावर आजचा चेहरा. खालचा हळूहळू विरत न्यायचा, वरचा हळूहळू उमटवायचा. बुबुळांवर बुबुळं नीट बसवावी लागतात, नाहीतर मध्येच दोन नाकं दिसतात. ते जमलं. पण वरचा चेहरा आणायचा कुठून? मी माझाच फोटो घेतला. जिवणी जराशी रुंद केली, कान तुमचे लावले. सख्खी बहीण म्हटल्यावर साहेबांनाही पटलं.

आई माझ्यामागे खुर्ची ओढून बसायची. दोन्ही चेहरे निम्मे-निम्मे दिसायचे तिथं ‘थांबव’ म्हणायची. तिथं ना लहान चिमणी असायची ना मोठी, नुसतं धुरकट काहीतरी. ती मात्र डोळे भरून बघायची.

टीव्हीवर दाखवल्यावर बरेच फोन आले, सगळे फुकट गेले. मग ही मुलगी आली. अनाथाश्रमात वाढलेली, आता एका वसतिगृहात कपडे धुण्याचं काम करते. तिथल्या बाईंनी टीव्ही बघून तिला आमच्याकडे आणलं. ती माझ्यासारखी दिसते, बाबा. माझ्यासारखी. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

रक्ताची तपासणी होईपर्यंत थांबा, असं साहेब सांगत होते. आईनं ऐकलं नाही, त्याच दिवशी तिला घरी ठेवून घेतलं. तिच्यासाठी कपडे आणले, केस विंचरून दिले. आई हसत होती. जेवताना जुन्या गोष्टी सांगायची आणि मुलगी मान डोलवायची. टीव्हीवाल्यांनी मुलगी सापडली म्हणून आपली चित्रफीत दाखवणं बंद केलं. साहेबांच्या माणसांनीही हातातलं काम बाजूला ठेवलं.

परवा साहेबांनी मला ऑफिसातून बोलावून घेतलं. आईचं रक्त तिच्याशी जुळत नाही.

मी आधी त्या मुलीला जिन्यात गाठून सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, “मला लहानपणचं काहीच आठवत नाही, ताई. आई सांगायच्या आणि मला आठवल्यासारखं व्हायचं. मी खोटं नाही बोलले.” मला ते पटलं. खोटं असेल तर ते माझं होतं, पडद्यावरचं.

मग आईला सांगितलं. मला वाटलं होतं, ती माझ्यावर ओरडेल, रिपोर्ट खोटा म्हणेल. ती बराच वेळ टेबलावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “मग माझी कुठंय?”

आपण हिला भरवत होतो तेवढे दिवस चिमणीला कुणीच शोधत नव्हतं.

मुलगी काल सकाळी गेली. आईनं नवे कपडे पिशवीत भरून तिच्या हातात दिले, पण खिडकीशी आली नाही. तेव्हापासून ती पडून आहे. पाणी दिलं तर पिते. तुमच्याबद्दल काही बोलली नाही. तुम्ही त्या दिवशी चिमणीचा हात सोडलात म्हणून ती हरवली, हेसुद्धा नाही.

साहेब म्हणतात, पुन्हा नव्यानं चित्र करा. मी बसले होते आज. माझा चेहरा काढून टाकला की वरच्या थरावर काहीच उरत नाही. चिमणी विरत जाते आणि पडदा रिकामा होतो. तुमच्या तरुणपणीचा एखादा फोटो असेल, आजीचा असेल, तर घेऊन या. तुमचं रक्तही त्यांना हवंय.

तिकीट रद्द करू नका, बाबा. रागावून का होईना, पण या. आम्ही तिघी घ्यायला येऊ, असं आईनं तुम्हाला सांगितलं असेल. स्टेशनवर मी एकटी असेन.

तुमची,
अजूनही थोरली